अपाचा गलबला

पडद्यावर खाली अक्षरं आली ‘बाजार’ आणि अपा म्हणाली ‘गलबला’. झालं ते एवढंच. माझी आजी, बात्मा-अपा, चुलीपुढं बसून हाताचं पीठ झटकत सांगत होती, ‘‘हे गलबल्यातून आले की दोन्ही खिसे मनुकांनी भरलेले असायचे,’’ आणि तिच्या हनुवटीखाली पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘ते बाजारातून आले की’. चित्र पुढं गेलं. अपा उठली, किटली उचलली, मांजराला शिवी दिली. मी मात्र त्या दोन शब्दांच्या मधे अडकून राहिले, अंधारात जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तशी. ‘‘मागं घ्या,’’ मी म्हणाले. मार्लेन-बायकेंनी, म्हणजे मार्लेनदादांनी, कुरकुरत मागं घेतलं. साठी ओलांडलेला माणूस, जुन्या स्टुडिओत फिल्म कात्रीनं कापण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता कॅमेराही तेच धरतात, आणि संगणकापुढं बसून रोज त्याला दोष देतात. बापानं मार्क्स आणि लेनिन जोडून नाव ठेवलं. ‘‘दोघांचा अर्धा अर्धा आहे, पूर्ण कुणाचाच नाही,’’ असं स्वतःच सांगून हसतात. पुन्हा अपा बोलली, पुन्हा गलबला, पुन्हा खाली बाजार.

‘‘हे कुणी लिहिलं?’’

‘‘मीच. मग काय लिहू? म्हातारी गलबला म्हणते. बिश्केकमधल्या प्रेक्षकाला काय कळणार? कुठली बोली आहे ही, नारिनकडची?’’

‘‘बोली नाही हो. आमच्या घरात असंच म्हणतात.’’

‘‘सगळे?’’

‘‘सगळे. माझे वडील, मी, माझा भाऊ. मी अजूनही घरी गलबल्यात जाऊन येते असंच म्हणते.’’

‘‘का गं बुरुल, बाजार म्हटलं तर तुमच्या जिभेला चटका बसतो?’’

ही त्यांची नेहमीची थट्टा. सूर्यफुलाच्या बियांची सालं कागदाच्या पुडीत थुंकून ते पुन्हा कामाला लागणार, तेवढ्यात वीज गेली. त्या हिवाळ्यात ती अशीच जायची, वेळापत्रक लावून. पडदा काळा झाला, अपा त्यात बुडाली, आणि खोलीत खिडकीचा राखी उजेड आणि तो प्रश्न तेवढा राहिला. मी कोट चढवला. ‘‘जिभेला चटका’’ हे शब्द जिन्यावरून खाली उतरेपर्यंत मागोमाग येत होते. चटका नव्हे, पण काहीतरी होतं खरं. लहानपणी शाळेत गणिताचं पुस्तक मोठ्यानं वाचायला उभं केलं तेव्हा झालं होतं तेच. एक माणूस मेंढ्या घेऊन बाजारात गेला, असं छापलं होतं, आणि मी वाचलं, एक माणूस मेंढ्या घेऊन गलबल्यात गेला. वर्ग हसत सुटला. बाईंनी चष्मा काढला. पुन्हा वाच म्हणाल्या. मी अक्षरांकडं पाहिलं, अक्षरं मला येत होती, पण तोंड घरचंच निघालं, आणि पुढं वर्षभर पोरं मला गलबला म्हणूनच हाक मारत होती. घरी येऊन रडले तेव्हा अपानं मला मांडीवर ओढलं, केस विंचरले आणि काहीच बोलली नाही. एरवी तिला गप्प बसणं माहीत नव्हतं. आम्ही समजायचो, अपा घासाघीस करताना अख्खा बाजार डोक्यावर घेते म्हणून तिनं हे नाव ठेवलं असेल; आजोबा तर पाहुण्यांना तसं सांगून हसवायचे सुद्धा.

आमच्याकडं सुनेनं सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नसतं. दीर असो, सासरा असो, मामेसासरा असो, नाव नाहीच, आणि त्या नावात एखादा साधा शब्द असेल तर तोही नाही. अपा यात पक्की. शुक्रवारला आम्ही जुमा म्हणतो, आणि आजोबांचे मामा जुमाबाय आमच्या शेजारच्याच घरात राहायचे. म्हणून अपाच्या तोंडात उभ्या जन्मात शुक्रवार आला नाही. ती म्हणायची, नमाजाचा दिवस. जुमाबाय-मामा दारातून शिरले की हातातलं काम टाकून उठायची, गुडघ्यावर हात टेकून वाकायची, आणि मगच पियाला भरायला घ्यायची. चहा ओतण्यातही तिचं स्वतःचं शास्त्र. जो माणूस बसावा, रेंगाळावा, परत परत मागावा असं वाटतं त्याला अर्धाच पियाला; ज्यानं पिऊन वाटेला लागावं त्याला काठोकाठ. तसं हे आमच्याकडं घरोघरी आहे, पण अपाच्या हाताला त्यातले बारकावे कळत होते. चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी तिनं मार्लेन-बायकेंना काठोकाठ भरून दिला. ते बिचारे शहरातले, म्हणाले, बघ, म्हातारीला मी किती आवडलो.

त्यांना तो पियाला माझ्यामुळं मिळाला होता. मी अपाला नाव विचारत होते.

आकेला, म्हणजे माझ्या वडिलांना, वसंतात हृदयाचा झटका आला. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच राहतात. इस्पितळात औषधाच्या गुंगीत ते त्यांचे सात बाप मोजत होते. आमच्यात मूल बोलायला लागलं की आधी हेच शिकतं, बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असे सात. आके मास्तर होते; गावातल्या किती पोरांना त्यांनी ते घोकायला लावलं असेल. आणि तिथं, नाकात नळी असताना, ते स्वतःच्या नावापासून सुरू करून म्हणत होते, ‘‘मुकाश, मुकाशचा बाप...’’ आणि थांबत होते. पुन्हा ‘‘मुकाश, मुकाशचा बाप...’’ मला वाटलं गुंगी आहे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, शामशी, तुझे आजोबा, माझा बाप नव्हता, काका होता. बापाला धरून नेलं तेव्हा मी पाळण्यात होतो. ते वर्षच तसं होतं, सरकार घराघरातून माणसं उचलून नेत होतं. आई त्याच वर्षी गेली. आजीनं आणि काकानं मला उचलून घाट ओलांडला, आपल्या खोऱ्यात जुमाबाय-मामाच्या आसऱ्याला आले, आडनाव बदललं, आणि काकानं मला स्वतःचा मुलगा म्हणून लिहिलं. सरकारच्या शत्रूचं पोर म्हणून कुणी बोट दाखवू नये म्हणून. ‘‘मग तुम्ही कधी विचारलं नाहीत?’’ मी म्हणाले. ते म्हणाले, ‘‘कुणाला विचारू? ज्यानं मला छातीशी बांधून घाट ओलांडला त्याला विचारू, की माझा खरा बाप कोण?’’ मग छताकडं पाहत म्हणाले, ‘‘कबरीच्या दगडावर दोनच शब्द लिहायचे असतात गं. मुकाश, अमक्याचा मुलगा. मला एकच शब्द ठाऊक आहे. तू सगळ्या जगाची गोष्ट टीव्हीवर दाखवतेस. तेवढा माझा दुसरा शब्द शोधून काढ.’’

असा माझा माहितीपट सुरू झाला. चॅनेलला वाटलं घराण्यांच्या कहाण्यांची मालिका आहे, पहिला भाग बातमीदाराच्याच घरचा. मी पलीकडच्या खोऱ्यात गेले. नाव नाही, आडनाव नाही, कुणाबद्दल विचारणार? दफ्तरांत शोधायलासुद्धा आधी नाव लागतं. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे, पणजी, आजोबा, जुमाबाय-मामा, एकामागून एक गप्पच गेले. उरली बात्मा-अपा. ती युद्धानंतर सून होऊन या घरात आली, त्या थोरल्या दिराला, म्हणजे आकेच्या बापाला, तिनं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, पण तिला ठाऊक होतं, हे तिच्या बोलण्यावरून स्वच्छ कळायचं. ती त्यांना ‘पलीकडचे’ म्हणायची.

‘‘अपा, नाव सांग ना.’’

‘‘सून आहे मी या घरची.’’

‘‘सासू गेली, नवरा गेला. आता कोण ऐकणार आहे?’’

‘‘हा ऐकतोय की,’’ कॅमेऱ्याकडं हनुवटी करून ती म्हणाली. ‘‘सगळ्या देशाला ऐकू जातं म्हणतेस.’’

‘‘बंद करते मग.’’

‘‘तो बंद झाला तरी तोंड माझंच राहतं ना?’’

‘‘बरं, लिहून दे.’’

‘‘का, हात शेजारणीचा आहे?’’

मार्लेन-बायके इतके हसले की ते सबंध चित्र हललेलं आहे. मला मात्र हसू आलं नाही. मी तिच्यावर चिडले, तुझ्या मानमर्यादेपुढं आकेचा जीव मोठा नाही का, असंही बोलून गेले. तिचा चेहरा एकदम लहान झाला. म्हणाली, ‘‘सासूनं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलंय. हे नाव तुझ्या तोंडातून उंबऱ्याबाहेर गेलं तर पोराला नेतील. मी नाही सांगायची.’’ पोर म्हणजे आके. पोरानं सत्तरी ओलांडली होती, दात काढून ठेवत होतं, आणि त्याला न्यायला येणारं कुणी उरलं नव्हतं. ती सरकारंच राहिली नव्हती. पण अपा अजून दारात उभी होती.

त्या दिवशी वीज गेल्यावर, हे सगळं मनात घोळवत मी बिश्केकच्या ओश बाजारातून घरी निघाले होते. सुकामेव्याच्या गल्लीत पाय आपोआप मंदावतात. बायका बसलेल्या, एकीनं जर्दाळू हातात कोंबला, खाऊन बघ, नाही घेतलंस तरी चालेल. गर्दी, धक्के, भट्टीतून निघालेल्या नानचा वास. मी स्वतःशीच म्हटलं, बाजार. मोठ्यानं म्हटलं. बातम्यांत हजारदा लिहिलेला शब्द, आणि घरच्या माणसासारखा उच्चारायला गेले तर जीभ अडखळली. शुक्रवार का नाही, तर जुमाबाय-मामा समोर बसलेले असायचे. शुक्रवाराला मालक होता. मग गलबल्याचा मालक कोण? आमच्या घरात त्या नावाचं माणूसच नव्हतं. आमच्या घरात त्या नावाचं माणूस नव्हतं, आणि तरी अपा उभा जन्म कुणाची तरी मर्यादा राखत होती. बाजाराच्या दिवशी जन्मलेल्या मुलाचं नाव आमच्याकडं बाजारवरूनच ठेवतात, अशी नावं ढिगानं पडली आहेत. मी जागच्या जागी उभी राहिले.

‘‘ओ बाई, मुळं फुटली का पायाला? बाजूला व्हा!’’ मागून हातगाडीवाला ओरडला.

मी बाजूला झाले, जर्दाळूच्या पोत्याला टेकले, आणि मला रडू फुटलं. नव्या नवरीला सासू बाजूला घेते आणि कानात एक नाव सांगते, फक्त यासाठी की तिनं ते कधी घेऊ नये. कशाला सांगायचं? न सांगता नाव आपोआप मेलं असतं. भिणाऱ्या बाईनं तर मरूच दिलं असतं. पण ते तिच्या लेकाचं नाव होतं. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून तिनं ते गप्प राहण्याच्या स्वाधीन केलं. सुनेनं ते मुकाट सांभाळलं, तिच्या तोंडून ते आकेच्या तोंडात गेलं, आकेच्या तोंडून माझ्या, आणि मी भर वर्गात उभी राहून, सगळी पोरं हसत असताना, माझ्या खऱ्या आजोबांच्या नावाचा मान राखत होते. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी त्या पोरांपुढं किती ताठ मानेनं उभी राहिले असते. जर्दाळूवाली घाबरली. म्हणाली, ‘‘अगं, एवढे काही महाग नाही लावले मी, कमी करते.’’ मी घेतले. भाव न करता घेतले, अपानं पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं.

आकेला सांगायला भीती वाटली. खोटी आशा लावली आणि हृदयानं पुन्हा दगा दिला तर? पण त्यांनी माझ्या डोळ्यांकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं. मी सांगितलं. ते विजारीची गुडघ्यावरची सुरकुती बोटानं सारखी करत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘‘बाजार...’’ आणि पुढं काहीतरी लागतं म्हणून थांबले. बेक? बाय? कुल? नावाचं शेपूट आम्हाला ठाऊक नव्हतं. ‘‘चल,’’ ते म्हणाले. डॉक्टरनं घाट चढायला मनाई केलीय म्हटलं, तर म्हणाले, ‘‘तो घाट मी पाळण्यातला असताना ओलांडलाय. आता तर मला बसता येतं.’’ दोलोन घाटाच्या चढावर बर्फ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढं होतं. पुढं ड्रायव्हरशेजारी मार्लेन-बायके कॅमेरा मांडीवर घेऊन घोरत होते, आणि आके काचेवर वाफ सोडून, लहान पोरासारखे, काहीतरी लिहून पुसत होते. मी वाकून पाहिलं नाही. त्यांचा श्वास नीट चाललाय ना, एवढंच ऐकत राहिले.

अपानं आकेला पाहिलं आणि आधी रागावली, या थंडीत हा कशाला आला म्हणून, आणि मग त्यांना ओढत दारासमोरच्या वरच्या जागी, तोरवर, नेऊन बसवलं. घरातली सगळ्यात मानाची जागा ती. आजोबा गेल्यापासून आके आले की तेच तिथं बसायचे. दस्तरखानाचं कापड पसरलं, त्यावर कणकेचे तळलेले बोरसोक ओतले, लोण्याची वाटी आली. मार्लेन-बायके कोपऱ्यात कॅमेरा लावून बसले. या वेळी त्यांना पियाला अर्धा मिळाला, आणि तो पाहून ते माझ्याकडं खट्टू होऊन बघायला लागले. सांगेन नंतर, मी खुणेनं म्हटलं. आकेनं चहाचा एक घोट घेतला आणि पियाला खाली ठेवला.

‘‘अपा, मी तुला काही विचारणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तू काही सांगूही नकोस. तुझं वचन तुझ्यापाशी राहू दे. मी नुसता बोलतो. तू चहा ओत.’’

अपानं किटलीवर हात ठेवला. तिला काहीतरी कळलं होतं.

‘‘शामशी माझा बाप,’’ आके म्हणाले. ‘‘त्यानं मला वाढवलं, तो माझा बापच. पण त्याला एक थोरला भाऊ होता. बाजाराच्या दिवशी जन्मला असणार.’’

अपानं किटली तिरकी केली. चहाचे दोन थेंब दस्तरखानावर पडले. तिनं ते पुसले नाहीत. 

‘‘बाजारबाय?’’

अपानं माझा पियाला घेतला, ओतला, दिला.

‘‘बाजारबेक?’’

तिनं स्वतःचा पियाला घेतला. ओतला. नजर वर नाही. चूल तेवढी फुरफुरत होती. आकेचा आवाज खाली गेला. नुकतं उभं राहायला शिकलेलं पोर हात सुटला की डगमगतं, तसं त्यांचं झालं. मला वाटलं, पुरे, आता यांना त्रास होईल, मी थांबवायला हात पुढं केला.

‘‘बाजारकुल,’’ आके म्हणाले. विचारलं नाही त्यांनी. नुसतं म्हणाले.

अपानं किटली खाली ठेवली. डोक्यावरचा पांढरा रुमाल दोन्ही हातांनी पुढं ओढला. मग एक हात जमिनीला लावून, दुसरा गुडघ्यावर देऊन, ती उठायला लागली. मी धरायला गेले, तिनं मला ढकललं. ती पूर्ण उभी राहिली. तोंड दाराकडं केलं. दार बंद होतं, कुणी आलेलं नव्हतं. आणि ऐंशी पार केलेली ती बाई, गुडघ्यावर हात टेकून, नव्या नवरीनं थोरले दीर प्रथमच घरात आल्यावर वाकावं तशी, खाली वाकली. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिच्या पाठीतून हाडांचा आवाज आला, आणि ती तशीच काही वेळ वाकलेली राहिली. कॅमेऱ्यामागं मार्लेन-बायकेंनी हळूच टोपी काढली.

‘‘तू म्हणालास,’’ ती सरळ होत आकेला म्हणाली. ‘‘मी नाही म्हणाले.’’

‘‘तू नाही म्हणालीस, अपा.’’

‘‘पोराला कुणी नेणार नाही ना?’’

‘‘कुणी नेणार नाही गं. पोर म्हातारं झालं.’’

तिनं आकेचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला नाक लावून वास घेतला, लहानपणी माझा घ्यायची तसा. आके रडत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. मग त्यांनी डोळे पुसले. तोरवरची गादी हातानं झटकली. आणि ते तिथून उठले, एक जागा खाली सरकले, आणि दारासमोरची मानाची जागा मोकळी सोडून, मांडी घालून, मुलगा बसतो तसे शेजारी बसले.  अपानं फडताळातून एक पियाला काढला, रुमालाच्या टोकानं आतून पुसला, किटली उचलली, ओतला, आणि त्या रिकाम्या जागेपुढं ठेवला. मी वाकून पाहिलं. अर्धाच भरला होता.